टॅब्लेटवरील स्वरलिपि
पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांच्या स्वरलिपींत कोमल स्वराखालीं आडवी रेघ, मंद्र स्वराखालीं बिंदु व मींडेसाठीं वर कमान येते. रत्नागिरींतही आतां मुलांच्या हातीं टॅब्लेट दिसतो. त्यावर ही लिपि लिहूं जातां अडचण पडते. स्वरलेखनाचीं बहुतेक सॉफ्टवेअरें युरोपीय पांच रेघांच्या पद्धतीसाठीं रचलेलीं. त्यांत सप्तकाच्या बारा ठराविक पायऱ्या. दरबारी कानड्याचा कोमल गंधार तर एका पायरीवर उभाच राहत नाहीं, तो झुलतो. बोटाखालीं बिंदु झांकतो, हा त्रास आम्हांस त्यामानानें क्षुल्लक वाटतो. अलंकार व ताल यांच्या अभ्यासास मात्र हें साधन चांगलें. लिहितांना चुकलेली मात्रा वाजवितांच कळते. त्या गंधारासाठीं, पालकहो, मुलांस गुरुजींपुढेंच बसवावें. भातखंड्यांनींही अनेक चिजा उस्तादांच्या तोंडून ऐकूनच लिहून घेतल्या.