जुन्या जीपचे बोल्ट : पारख, खरेदी व जुळणी

खानदेशांतील पुष्कळ शेतकऱ्यांचे वाड्यांत एखादी जुनी जीप अद्यापि उभी असते. महिंद्र कंपनीनें मुंबईस १९४७ पासून विलीज जातीच्या जीपा जोडण्यास आरंभ केला. पुढें त्या या देशांतच तयार होऊं लागल्या, आणि काळ्या जमिनीच्या चिखलवाटांवर त्यांची उपयुक्तता लोकांस पटली. आतां अशा गाड्या नव्यानें उभ्या करण्याची हौस तरुण मंडळींत दिसते. ती स्तुत्य आहे. परंतु रंग, गाद्या व दिवे यांकडे जितकें लक्ष जातें त्याच्या दशांशही चासी व कमानपाटे धरून ठेवणाऱ्या बोल्टांकडे जात नाहीं. म्हणून प्रस्तुत विषय वाचकांपुढें मांडीत आहों.

आमचे पाहण्यांतील एक गोष्ट प्रथम सांगतों. एका गाडीची चासी खरवडून रंगविली. मागील कमानीच्या शॅकलांत जुन्या बोल्टाचे जागीं चकचकीत मुलाम्याचा साधा बोल्ट घातला. कारण तो भोकांत बसला व स्वस्त मिळाला. मिरचीचीं पोतीं भरून गाडी दोंडाईचा येथील बाजारास निघाली. वाटेंत नाल्याच्या फरशीवर चाक आदळलें, बोल्ट तुटला, कमान सुटली, आणि ॲक्सल तिरपा होऊन गाडी रस्ता सोडून बांधावर गेली. माणसें वांचलीं. तेथें बांधाऐवजीं विहीर असती तर काय झालें असतें, हें सांगणें नको.

बोल्टाचें बळ त्याच्या चकाकीवरून किंवा जाडीवरून कळत नाहीं. तें त्याच्या डोक्यावर लिहिलेलें असतें. मेट्रिक बोल्टाचे डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आंकडे व कारखान्याची खूण असते. यांतील पहिल्या आंकड्यास दहानें गुणिलें म्हणजे दर चौरस मिलिमीटरास सुमारें किती किलो ताणानें तो तुटेल हें निघतें. दुसरा आंकडा, त्या ताणाच्या किती दशांशास बोल्ट कायमचा लांबूं लागेल, हें दाखवितो. १२ मिलिमीटर बोल्टाच्या आट्यांचें उपयोगी क्षेत्र सुमारें ८४ चौरस मिलिमीटर असतें. तेव्हां ८.८ जातीचा बोल्ट सुमारें ६,७०० किलो ताण सोसतो, तर ४.६ जातीचा साधा बोल्ट सुमारें ३,४०० किलोसच तुटतो. दिसण्यांत दोघे जुळे भाऊ. बळांत मात्र निम्म्याचा फरक.

इंची बोल्टांवर आंकडे नसून रेघा असतात. तीन रेघांचा बोल्ट साधारणपणें ८.८ च्या जोडीचा व सहा रेघांचा १०.९ च्या जोडीचा समजावा. ज्याचें डोकें कोरें आहे तो कुंपणास वापरावा, कमानीस नव्हे. स्टेनलेसचा बोल्ट गंजत नाहीं म्हणून तो अधिक बळकट, अशीही एक समजूत आहे. ती चुकीची होय. बाजारांतील नेहमींचा ए२-७० जातीचा स्टेनलेस बोल्ट ८.८ हून कमी बळाचा असतो. नटही बोल्टाच्या जोडीचाच घ्यावा, ८.८ च्या बोल्टास ८ ची खूण असलेला व १०.९ च्या बोल्टास १० ची खूण असलेला.

दुसरी बाब आट्यांची. इंग्लंडांत व्हिटवर्थ यानें १८४१ सालीं ५५ अंशांचा आटा ठरविला. अमेरिकेचा आटा ६० अंशांचा. १९४८ मध्यें अमेरिका, इंग्लंड व कॅनडा यांनीं या कोनाचा एकच आटा मान्य केला. आपल्या देशांत १९५६ च्या कायद्यानें मेट्रिक मापें आलीं. जीप मूळची अमेरिकन धाटणीची, म्हणून तिचे जुने बोल्ट इंची आहेत. नंतर घातलेले बोल्ट मात्र मेट्रिक असूं शकतात. अर्ध्या इंचाच्या बोल्टास अमेरिकन जाडा आटा इंचास १३, बारीक आटा २०, व व्हिटवर्थ आटा १२ असतो. चुकीचा नट दोन-तीन वेढे जातो व अडतो. मग पाना लावून बळ केलें कीं आटे चिरडतात. जो नट बोटांनीं शेवटपर्यंत फिरत नाहीं त्यास पाना लावूं नये. आट्यांची गेज थोड्या पैशांत मिळते. ती घरीं ठेवावी.

तिसरी बाब बोल्टाच्या अंगाची. शॅकलांत किंवा चासीच्या जोडांत जेथें पट्ट्या एकमेकींवर सरकूं पाहतात, तेथें बोल्टाचा गुळगुळीत भाग आला पाहिजे. पूर्ण आट्यांचा बोल्ट तेथें सुमारें चतुर्थांशानें कमजोर पडतो, शिवाय कानशीप्रमाणें भोक खाऊन मोठें करितो.

खरेदीस निघण्यापूर्वीं गाडी उलगडतांना प्रत्येक जागेचे बोल्ट निराळ्या पिशवींत घालून वर जागेचें नांव लिहावें. मग यादी करावी : जाडी, आटा, डोक्याखालील लांबी, गुळगुळीत भागाची लांबी, जात व नटाचा प्रकार. गांवच्या लोखंडी सामानाच्या दुकानांत बहुधा पंप व नांगर यांजपुरता साधा माल असतो. ८.८ चे मेट्रिक बोल्ट धुळें येथें मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानीं पाहावे. दोंडाईचा हें सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर असल्यानें सुरत व जळगांव हे बाजारही सोयीचे आहेत. इंची माल न मिळाल्यास मुंबईस नागदेवी स्ट्रीट गांठावी. तेथें बोल्ट व हत्यारें यांचा मोठा व्यापार आहे. या मालाच्या कारखान्यांचें मोठें केंद्र लुधियाना होय. माल कारखान्याच्या बंद पुड्यांत घ्यावा, पावतीवर जात लिहवून घ्यावी, आणि प्रत्येक डोकें स्वतः वाचावें.

यू-बोल्ट व कमानीचा सेंटर बोल्ट जुने पुन्हां वापरूं नयेत. ते ताणलेले असतात. साध्या सळईस आटे पाडून केलेला यू-बोल्ट घेऊं नये. कोणताही हाय-टेन्साइल बोल्ट गॅसनें तापवूं अगर वेल्ड करूं नये. त्याचें पाणी उतरतें. नायलॉक नट एकदां काढला कीं नवा घालावा.

आवळण्याचें माप गाडीच्या पुस्तकांत असेल तें प्रमाण मानावें. नसल्यास, कोरड्या व स्वच्छ आट्यांच्या १२ मिलिमीटर ८.८ बोल्टास ४० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशीं सुमारें २० किलोचा जोर पुरतो. रबरी बुश असल्यास शेवटचें आवळणें गाडी चाकांवर उभी करून करावें. पहिल्या शंभर किलोमीटरांनंतर यू-बोल्ट पुन्हां तपासावे.

पांचसात गाडीवाल्यांनीं मिळून एक यादी केली व एकानें जाऊन सर्वांचा माल आणिला, तर प्रवासखर्च वांटला जातो व चांगला मालही मिळतो. बियाण्याची पिशवी उलटून तिच्यावरील चिठी वाचल्याशिवाय आपण पैसे देत नाहीं. तीच संवय बोल्टाच्या बाबतींत लावून घ्यावी, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.