गिटार घेताय? आधी तारांची उंची बघा

होस्टेलवर कुणी नवी गिटार आणली की आठवडाभर त्या खोलीत जत्रा असते. महिन्याभरात तीच गिटार कपाटावर धूळ खात पडलेली दिसते. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "माझी बोटंच तशी नाहीत यार." मित्रांनो, बोटं बहुतेक वेळा ठीकच असतात. गिटारच नीट लावलेली नसते. घरून आलेले पैसे असे कपाटावर जाऊ नयेत म्हणून नेहमी विचारले जाणारे काही प्रश्न इथे घेते.

पहिला प्रश्न, कोणती घ्यायची? ॲकूस्टिक गिटारमध्ये तारेचं कंपन ब्रिजमधून वरच्या पातळ फळीला मिळतं आणि पोकळ पेटी आवाज मोठा करते. लाईट गेली तरी वाजते. इलेक्ट्रिकमध्ये तारांखाली पिकअप असतो, म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. वर स्टीलची तार हलली की व्होल्टेज तयार होतं. हा फॅरेडेचाच नियम, फर्स्ट इयरला आपण पाठ केलेला. म्हणूनच इलेक्ट्रिकला नायलॉनच्या तारा लावल्या तर पिकअपला काहीच कळत नाही.

"आधी ॲकूस्टिकच शिकावी लागते ना?" असं खूप जण विचारतात. तसं काही नाही. इलेक्ट्रिकच्या तारा साधारणपणे पातळ आणि जवळ असतात, त्यामुळे सुरुवातीला बोटांना त्रास कमीच. शिवाय हेडफोन लावून वाजवता येते, म्हणजे रूममेट आणि रेक्टर सर दोघंही खूश. ॲम्पचा खर्च मात्र वेगळा धरा.

बास ही वेगळीच गोष्ट आहे. चार तारा, ई-ए-डी-जी, गिटारच्या जाड चार तारांपेक्षा एक सप्तक खाली. गिटारची सगळ्यात जाड तार सुमारे ८२ हर्ट्झ, तर बासची ४१. एवढा खालचा सूर काढायला तार जाड आणि लांब लागते, म्हणून बासची तार साधारण ३४ इंच तर गिटारची २५च्या आसपास. पूर्वी बँडमध्ये माणसाएवढा उभा डबल बास असायचा, त्याला फ्रेट नसत. १९५१ मध्ये लिओ फेंडरने फ्रेट असलेला इलेक्ट्रिक बास बाजारात आणला. फ्रेटमुळे सूर नेमका लागतो, म्हणून नाव ठेवलं प्रिसिजन. बास सोपा का? पहिलं गाणं लवकर बसतं, पण ताल चुकला तर सगळा बँड पडतो. आणि कृपा करून बास कॉम्प्युटरच्या छोट्या स्पीकरला जोडू नका. ४१ हर्ट्झ त्यातून निघत नाही, मग आपण आवाज वाढवत जातो आणि स्पीकर फाटतो.

आता मुख्य मुद्दा. तार आणि फ्रेट यांच्यातल्या अंतराला ॲक्शन म्हणतात. स्टीलच्या तारांच्या ॲकूस्टिकवर बाराव्या फ्रेटपाशी जाड तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास अंतर असावं. चार असेल तर शिकलेल्या माणसालाही घाम फुटेल. पट्टी घेऊनच दुकानात जा. दुकानदार हसला तर हसू दे. दुसरी परीक्षा नटची. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. तिथे कागदाएवढी फट राहावी. जास्त असेल तर एफ कॉर्ड जन्मात वाजणार नाही, आणि दोष आपण बोटांना देणार. जाणकाराकडून नट आणि ब्रिजची पट्टी घासून घेतली की तीच गिटार बदलून जाते. एवढं करूनही दोन-तीन आठवडे बोटं दुखतातच, ते मात्र सगळ्यांना चुकत नाही.

नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारला "आवाज मोठा येईल" म्हणून स्टीलच्या तारा लावू नका. स्टीलच्या सहा तारांचा एकत्रित ताण सुमारे ७० किलो असतो. तिची फळी एवढ्यासाठी केलेलीच नसते, ब्रिज उपटून येतो.

काहींची तक्रार असते की मोकळ्या तारा बरोबर जुळवल्या तरी वरचे सूर बेसूर येतात. मी कॉन्व्हेंटची, सारेगमच्या आधी डो-रे-मी शिकलेली, त्यामुळे हे मला सतारीवरून कळलं. मिरजेच्या सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं (२०१६च्या दुष्काळात लातूरला पाण्याची रेल्वे आली तीही याच मिरजेहून). सतारीचे पडदे बांधलेले असतात, सरकवता येतात. गिटारचे फ्रेट ठोकून पक्के केलेले. प्रत्येक फ्रेटला कंपनसंख्या १.०५९५ पट होते आणि बाराव्याला बरोबर दुप्पट. म्हणून बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवलेला सूर मोकळ्या तारेच्या वरच्या सप्तकाशी ट्यूनरवर जुळतो का ते पाहा. नवीन तारा लावूनही जुळत नसेल तर ब्रिजचं काम आहे.

शेवटी आपल्या चाकूरच्या हवेबद्दल. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी होते. लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं बाहेर येऊन तळहाताला टोचतात, फळी किंचित खाली बसते आणि तारा खरखरतात. पावसाळ्यात उलटं, फळी फुगते आणि ॲक्शन वाढते. उन्हाळ्यात साबणाच्या डबीला भोकं पाडून त्यात घट्ट पिळलेला ओला स्पंज ठेवा आणि डबी गिटारच्या कव्हरमध्ये टाका. पाऊस सुरू झाला की काढून घ्या. सुट्टीत घरी जाताना गिटार पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, उष्णतेने डिंक सैल होतो.