कोऱ्या बिलटीवर सही नको

माल मोजल्याशिवाय सही करायची नाही. उद्यापासून तू भिवंडीच्या पूर्णा गावातल्या गोदामात स्टोअरकीपर म्हणून बसणार. बाकी सगळं विसरलास तरी मामा रागावणार नाही, एवढं मात्र पाठ कर. ताईने प्रार्थना करून पाठवलं असेल, पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला असेल. दोन्ही हवंच. पण गाळ्याचं शटर वर गेलं की समोर ट्रक उभा, ड्रायव्हरच्या हातात बिलटी, म्हणजे मालाची पावती, आणि तो म्हणतो, "साहेब, सही मारा ना, सकाळी मोजा सावकाश." रविवारी ऐकलेलं सगळं तिथे कामाला येतं, नाहीतर येत नाही.

तरुण संघात तुम्हा पोरांना हुतात्म्यांच्या गोष्टी आवडतात. कशेळीचा पूल ओलांडला की ठाणं. त्या ठाण्यात १३२१ साली फ्रान्सिस्कन संघाच्या चौघांना ख्रिस्तासाठी मरण आलं. तोलेंतिनोचे थॉमस त्यांतलेच. फार मोठी माणसं. पण आपल्याला तलवार कोण दाखवतंय, बाळा? आपल्याला कोरी बिलटी दाखवतात. म्हणून मी तुला बिलटीचंच सांगतो.

थप्पी कधी बाहेरून मोजू नकोस. पुढून पाच, बाजूने चार, उंचीला सहा, झाले एकशेवीस, असं तोंडी गणित करून मोकळा होणारा माणूस वर्षअखेरीस घरचे पैसे भरतो. मधली खोकी काढून घेतलेली पोकळ थप्पी बाहेरून अगदी भरगच्च दिसते. वरच्या थरातली दोन खोकी उचल आणि आत हात घाल. माल उतरवताना वहीत चार उभ्या काड्या नि पाचवी आडवी. काडी मारायची ती खोकं खाली टेकल्यावर. हमालाच्या पाठीवर असताना मारलेली काडी म्हणजे अंदाज. कंटेनर असेल तर सील तोडण्याआधी सीलचा नंबर कागदाशी पडताळ, मोबाइलवर फोटो काढ, मग कटर लाव. माल कमी आला, ओला आला, तर बिलटीवरच शेरा मार आणि खाली ड्रायव्हरची सही घे. नुसतं 'माल मिळाला' लिहून सही दिलीस, तर पुढे भरपाई मागायला तोंड राहत नाही.

हे सगळं मला ज्यांनी शिकवलं ते इथलेच आगरी, गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला पंढरपूर ठरलेलं. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. एका पावसाळी रात्री गुजरातकडून ट्रक आला. ड्रायव्हर पोरसवदा होता, झोपेने डोळे लाल, परतीचं भाडं लागलेलं. सहीसाठी तो अण्णांच्या पायाच पडायला लागला. अण्णांनी त्याला चहा पाजला, गाळ्यात पुठ्ठा अंथरून झोपवला, पण सही दिली नाही. पहाटे मोजणी झाली तर चार पेट्या कमी. पोरगं रडकुंडीला आलं. अण्णा स्वतः ट्रकवर चढले आणि पार केबिनच्या मागे गेले. ताडपत्रीची जाड घडी उचलली तर खाली चारही पेट्या कोरड्या ठणठणीत. रात्री सही देऊन टाकली असती, तर त्या चार पेट्या पुढे त्याच्याच ट्रकात सापडून चोरीचा आळ त्या पोरावर आला असता आणि तो आयुष्यभर अण्णांना 'किती भला माणूस' म्हणत राहिला असता. सही न देणं हीच त्याच्यावरची माया होती. लूकच्या सोळाव्या अध्यायातला लबाड कारभाऱ्याचा दाखला मला कळला तो या माळकऱ्याकडून, हे मी मंडळीत उभा राहून सांगितलेलं आहे. एकदोघांना ते रुचलं नाही. न रुचो.

तो दाखला भल्याभल्या उपदेशकांना अडचणीत टाकतो. गोदामातल्या माणसाला मात्र तो लगेच पटतो, कारण त्यात कागद बदलतात. शंभर माप तेलाचं देणं असलेल्याला कारभारी म्हणतो, पन्नास लिही. शंभर माप गव्हाच्याला म्हणतो, ऐंशी लिही. धनी त्याच्या हुशारीची वाखाणणी करतो, आणि लोक विचारतात की प्रभूने लबाडाचं कौतुक कसं केलं? माझं मत असं की प्रभूला आपली भाबडी माणसं ठाऊक होती. लबाड माणूस कागदावर जेवढं डोकं चालवतो, तेवढं प्रामाणिक माणसाने का चालवू नये? नुसतं भोळं राहून पूर्णाच्या गोदामात टिकता येत नाही. ई-वे बिलाची मुदत कधी संपते, चलानवर किती नग आहेत, गेटपास कोणाच्या नावाचा आहे, हे तुला त्या लबाडापेक्षा जास्त माहीत असायला हवं.

कमी आलेला माल सगळेच लिहितात. कसोटी लागते ती जास्त आलेल्या मालाला. दोनशेच्या जागी दोनशे तीन खोकी उतरली, विचारायला कोणी येणार नाही, ती तीन खोकी कुठल्याच हिशोबात नाहीत. तिथेही त्याच पेनाने, तेवढ्याच ठळक अक्षरात शेरा मारायचा. आणि फुटलेलं खोकं. बिस्किटाचं खोकं फुटलं की सगळ्यांचा नाश्ता होतो आणि रजिस्टरमध्ये 'डॅमेज' पडतं. खाऊ नको असं मी म्हणणार नाही, मालकाने सांगितलं असेल तर खुशाल खा. पण खोकी आपोआप फुटत नाहीत, आणि दिवाळीच्या आधी तर मुळीच नाही. कोण फोडतं ते तुला आठवड्याभरात कळेल. एकट्याला बाजूला घेऊन सांग. चारचौघांत बोललास तर तुझाच मान वाढेल, त्याचं काही भलं होणार नाही.

आपल्या धंद्यातला मूळ पुरुष योसेफ. सात वर्षं पिकाची, सात दुष्काळाची, आणि अख्ख्या मिसर देशाची कोठारं त्याच्या हाती. पण फारोने किल्ल्या दिल्या त्या फार उशिरा. त्याआधी पोटीफरच्या घरचा सगळा कारभार त्याच्याकडे होता, धनी कशाकडे ढुंकून बघत नव्हता. पुढे तुरुंगात पडला तर तिथल्या अधिकाऱ्यानेही सगळं त्याच्यावर सोडलं. खरेपणाचं फळ म्हणून आधी तुरुंग मिळाला, हे गोष्ट सांगताना लोक भराभर उरकतात. तुलाही कधीतरी खरं लिहिल्याबद्दल बोलणी बसतील, एखादी नोकरीही जाईल. तेव्हा माझ्याकडे ये, जेवायला मिळेल. पण 'देवाने लगेच दुप्पट दिलं' अशी साक्ष मंडळीत उभा राहून देऊ नकोस. दिलं नसेल तर मुळीच देऊ नकोस.

आता हमालांचं. इथे काही माणसं कायमची, काही रोजंदारीवर सकाळी नाक्यावरून आणलेली. द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला आठव. तो पहाटे नाक्यावर गेला, पुन्हा नवाला, बाराला, तीनला, आणि शेवटी पाचला. पाचलाही माणसं उभीच होती. का उभी, विचारलं तर म्हणाली, कोणी कामावर घेतलंच नाही. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर पूर्ण दिवसाची मजुरी. यावर आपल्या बायबल अभ्यासात हमखास वाद होतो की हा न्याय कसला. ज्याने नाक्यावर दुपार काढली आहे तो असा वाद घालत नाही. पाच वाजेपर्यंत काम न मिळालेला माणूस आळशी नसतो, बहुतेक वेळा म्हातारा असतो, नाहीतर अंगाने बारीक.

मजुरी दिवस मावळायच्या आत द्यायची, ही आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रात आहे, आणि ती गोदामाइतकी कुठेच लागू पडत नाही. मुकादमाच्या क्यूआर कोडवर सहा माणसांचे पैसे एकदम टाकून मोकळा होऊ नकोस. ज्याचे त्याच्या नंबरवर टाक. नंबर नसेल तर रोख त्याच्या हातात. मधल्या हातात पैसे किती झिजतात हे या राज्यात नवं नाही. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र आणलं, १९६९ साली माथाडी कायदा झाला, मंडळं आली आणि मालकाने मजुरी मंडळात भरायची, मंडळाने कामगाराला द्यायची अशी रीत पडली, ती याच कारणाने. आणखी एक बारीक गोष्ट. रजिस्टरमध्ये 'हमाल ६' असं लिहू नकोस, सहा नावं लिही. वेळ लागतो, लागू दे.

रस्त्याचं तुला सांगायलाच हवं, कारण तू दुचाकीवर येणार. काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा हा पट्टा म्हणजे कंटेनर, खड्डे आणि मधोमध मेट्रोचे खांब. इथे माणूस पडतो तेव्हा बघे पन्नास जमतात, हात लावणारा एखादा. यरीहोच्या वाटेवरचा याजक आणि लेवी दोघेही बाजूने निघून गेले, त्यांना आपण दर वर्षी नावं ठेवतो. त्यांचीही शिफ्टच असेल. शोमरोनी थांबला, जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेलं आणि पुढच्या खर्चाची हमीही दिली. आपल्याकडे लोक थांबत नाहीत ते बहुतेक पोलिसांच्या भीतीने. ती भीती आता धरू नकोस. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, त्याला तिथे अडकवून ठेवता येत नाही. आपली गाडी मागे आडवी लाव, इंडिकेटर चालू ठेव, १०८ ला फोन कर. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू देऊ नकोस, बघ्यांतला कोणीतरी बाटली घेऊन येतोच. हेल्मेट ओढून काढू नकोस. कामावर उशीर झाला म्हणून हजेरी कापली, तर कापू दे.

शिफ्ट बदलताना अर्धं काम तोंडी सांगून निघायचं नाही. कुठला ट्रक अर्धा उतरला, कुठली थप्पी मोजायची राहिली, कोणाला किती वाजता येतो सांगितलंय, सगळं लिहून जायचं. तुला हे क्षुल्लक वाटेल. पण आपल्या मराठी ख्रिस्ती घरांतली मला भावलेली विश्वासूपणाची उदाहरणं अशी अर्ध्या राहिलेल्या कामांचीच आहेत. रेव्हरंड टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं होतं. शाळेत रीतसर शिक्षण न झालेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहायला घेतलं, अध्यायामागून अध्याय लिहिले, आणि त्यांच्यानंतर शेवटचा हात मुलगा देवदत्त यांनी फिरवला. एका घरातली तीन माणसं, एकच वही. पंडिता रमाबाई केडगावला मुक्ती मिशनमध्ये बायबलचं भाषांतर करत होत्या, साध्या बायांना कळेल अशा मराठीत. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या तिथल्याच बाया. मुलगी मनोरमा १९२१ साली गेली. तो घाव सोसूनही रमाबाईंनी काम टाकलं नाही. ते हातावेगळं केलं आणि ५ एप्रिल १९२२ ला डोळे मिटले. रमाबाईंचं मोठेपण सांगताना लोक परदेशातली भाषणं आणि पदव्या सांगतात. मला ओळीवर बोट ठेवून चुका शोधणाऱ्या रमाबाई दिसतात.

आग विझवायच्या सिलिंडरकडे लक्ष ठेव. भिवंडीच्या गोदामांना आगी लागतात हे पेपरात वाचतोसच. दहा कुमारींतल्या पाच जणींकडे दिवे होते पण तेल नव्हतं, आणि ऐन वेळी ते उसनं मिळालं नाही. तसंच भिंतीवर लाल सिलिंडर टांगलेला असतो, त्याच्यापुढे मालाची थप्पी लागलेली असते. थप्पी हटव. पावडरच्या सिलिंडरला काटा असतो, तो हिरव्या पट्ट्यात आहे का बघ. सीओटूच्या सिलिंडरला काटा नसतो, त्यात गॅस आहे की नाही ते वजन केल्यावरच कळतं. म्हणून त्याच्या चिठ्ठीवरची तारीख वाच आणि उलटून गेली असेल तर शेठला लेखी कळव, तोंडी नको.

कामावर धर्माची चर्चा काढू नकोस. तुझ्या गाळ्यात उत्तर प्रदेशातला ड्रायव्हर असेल, नमाजी मुसलमान असेल, आगरी पोरं असतील, बौद्ध असतील. कोणी विचारलं तर सांग, मोकळेपणाने सांग, लपवू नकोस. विचारलं नाही तर तुझं रजिस्टर त्यांना दिसतंच आहे. दशांश द्यायचा तो पगारातून दे, मुकादमाकडून उचल घेऊन देऊ नकोस. देवाला कर्जाचे पैसे लागत नाहीत.

राहिला रविवार. गोदामाला रविवार नसतो. रडत बसण्यापेक्षा जोडीदार शोध. शुक्रवारी दुपारी नमाजला जाणाऱ्याची जागा तू सांभाळ, रविवारी सकाळी तो तुझी सांभाळेल. त्याच्या ईदला तू ये, तुझ्या नाताळला तो येईल. आम्ही असंच जमवलं आणि सुपरवायझरला कधी विचारावंही लागलं नाही. फक्त नाताळची सुट्टी गणपतीतच लेखी माग. दिवाळीचा माल सुरू झाला की सुट्टीचा कागद कोणी हातात घेत नाही, आणि डिसेंबरात मागशील तर वरचे सांगतील की थर्टीफर्स्टचा माल लागायचाय.