लॉक फाइल उडवण्याआधी

८ सप्टेंबर २०२५ च्या संध्याकाळी, आपल्याकडे पावणेसात वाजायच्या सुमारास, एनपीएमवर काही पॅकेजेसची नवी व्हर्जन्स यायला लागली. चॉक, डीबग, एरर-एक्स अशी अठराएक नावं. तुमच्या पॅकेज.जेसनमध्ये यातलं एकही नसेल, पण नोड मॉड्यूल्सच्या फोल्डरमध्ये शोधलंत तर दोन-चार तरी हमखास निघतील. या सगळ्यांची मिळून आठवड्याची डाउनलोड्स २०० कोटींच्या वर जातात. नव्या व्हर्जन्समध्ये चोरीचा कोड होता: ब्राउझरमध्ये क्रिप्टो वॉलेटचा व्यवहार दिसला की पैसे ज्या पत्त्यावर जायचे तो गुपचूप बदलायचा. ही पॅकेजेस सांभाळणाऱ्या अनुभवी माणसाला एनपीएमच्या नावाने खोटा मेल आला होता. टू-फॅक्टरची माहिती १० सप्टेंबरच्या आत अपडेट करा, असा त्यात तगादा होता. त्याने लिंकवर माहिती भरली आणि खातं चोरांच्या हाती गेलं. त्याने ते लगेच उघडपणे सांगितलं, म्हणून काही तासांत बहुतेक व्हर्जन्स काढली गेली.

मी गुरुग्रामला उद्योग विहारमधल्या एका ऑफिसात फ्रंटएंडचं काम बघते. त्या संध्याकाळी आमच्याच मजल्यावरच्या दुसऱ्या एका टीमची बिल्ड पडली. लॉगमध्ये लाल अक्षरांत एकच ओळ: फेच इज नॉट डिफाइन्ड. त्या टीममधला नांदेडचा मुलगा लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलापाशी आला. "ताई, सकाळी हीच ब्रँच चालत होती. कोडला कुणी हात लावलेला नाही." पलीकडून कुणीतरी म्हणालं, "नोड पुराना है, अपग्रेड कर दो, चल जाएगा."

सल्ला वरवर अगदी बरोबर होता. त्यांच्या बिल्ड सर्व्हरवर नोड १६ होतं, आणि फेच नोडमध्ये मुळातून आलं ते १८ पासून. नोड चढवलं असतं तर बिल्ड हिरवी झाली असती आणि घाण ग्राहकांच्या ब्राउझरपर्यंत बिनबोभाट पोचू शकली असती. त्या दिवशी जगात इतरत्रही अशीच जुन्या नोडवरची बिल्ड पडल्यामुळे हा प्रकार लोकांच्या नजरेत आला. म्हणून पहिली गोष्ट सांगते: कोड बदललेला नसताना बिल्ड पडली, तर एरर घालवायच्या मागे लागू नका. ती कुणामुळे येतेय ते आधी बघा.

स्टॅक ट्रेस खाली वाचत गेलो तर फेच मागत होतं एरर-एक्स. एररचे ऑब्जेक्ट तयार करणारं हे एवढंसं पॅकेज. त्याचा नेटवर्कशी संबंधच काय? एनपीएम एक्सप्लेन ही कमांड नाव दिलं की ते पॅकेज कुणी आणलं याची साखळी दाखवते. साखळीत पार्स-जेसन निघालं, आणि त्याच्या वर बिल्डचंच एक साधन. मग फोल्डरमध्ये जाऊन फाइल उघडली. वर नेहमीचा नीटनेटका कोड, आणि मध्येच एक लांबच लांब ओळ, हेक्स आकडे आणि अर्थ न लागणारी नावं भरलेली. ती बघितल्यावर कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

खरा प्रश्न पुढचा होता. आमच्या टीमचा प्रोजेक्ट त्याच साधनांवर उभा आहे, त्याच संध्याकाळी त्याचीही बिल्ड झाली, आणि ती स्वच्छ निघाली. फरक एकाच फाइलचा. आमच्याकडे पॅकेज-लॉक.जेसन गिटमध्ये होती, त्यांच्याकडे नव्हती.

ती का नव्हती, याचं मूळ आधीच्या आठवड्यात होतं. १ सप्टेंबरला गुरुग्रामला पावसाने झोडपलं, हायवेवर गाड्या तासन्‌तास अडकल्या, आणि दुसऱ्या दिवशी घरूनच काम करा असं जिल्हा प्रशासनाने सांगितलं. घरी बसून त्या टीममधल्या दोघांनी आपापल्या ब्रँचवर नवीन पॅकेजेस टाकली. मर्ज करताना लॉक फाइलमध्ये शेकडो ओळींचा कॉन्फ्लिक्ट आला. तेव्हा टीममध्ये सगळ्यांना पाठ असलेला उपाय झाला: नोड मॉड्यूल्स उडवा, लॉक फाइल उडवा, परत इन्स्टॉल करा. आणि पुन्हा हा ताप नको म्हणून ती फाइल गिटइग्नोरमध्ये गेली. हा उपाय पुण्याच्या ऑफिसांतही तितकाच चालतो, हे मला ठाऊक आहे.

नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी हे असं सांगते. पॅकेज.जेसन म्हणजे वाण्याला दिलेली यादी, आणि लॉक फाइल म्हणजे त्याने काय दिलं याची पावती, ब्रँड, वजन, भाव सगळं लिहिलेली. यादीत कॅरेट लावून ^१.३.१ लिहिलं की २.० च्या खालचं, १.३.१ किंवा त्याच्या पुढचं काहीही चालतं. पार्स-जेसनने एरर-एक्स नेमकं असंच मागितलेलं आहे. त्या संध्याकाळी रजिस्ट्रीवर १.३.३ होतं, तेच आलं. लॉक फाइलमध्ये मात्र प्रत्येक पॅकेजचं ठरलेलं व्हर्जन असतं आणि सोबत त्याचा हॅश. हॅश जुळला नाही तर इन्स्टॉल तिथेच थांबतं.

म्हणून सर्व्हरवर आणि नव्या लॅपटॉपवर एनपीएम इन्स्टॉल चालवू नका, एनपीएम सीआय चालवा. ती लॉक फाइलमध्ये असेल तेच आणते, यादी आणि लॉक जुळत नसतील तर तक्रार करून थांबते, आणि लॉकमध्ये स्वतःहून काही लिहीत नाही. कॉन्फ्लिक्ट आला तर पॅकेज.जेसन हाताने नीट करा आणि मग एनपीएम इन्स्टॉलला पॅकेज-लॉक-ओन्ली हा पर्याय लावून चालवा. दोन्ही बाजूंची व्हर्जन्स धरून एनपीएम लॉक फाइल स्वतः जुळवून देतं. दोन मिनिटांचं काम आहे, पण हे येणारे लोक मला फार थोडे भेटलेत.

एका प्रोजेक्टमध्ये एकच पॅकेज मॅनेजर ठेवा. कुणी यार्न वापरतोय, कुणी एनपीएम, आणि रिपॉझिटरीत दोन लॉक फाइल्स शेजारी शेजारी पडल्यात, असं दिसलं तर त्यातली एक खोटं बोलतेय हे नक्की समजा. पॅकेज.जेसनमध्ये पॅकेज मॅनेजर नावाचा रकानाच आहे, तो भरा. नोडचं व्हर्जनही फाइलमध्ये लिहून ठेवा.

लॉक फाइलचं संरक्षण अपडेट करेपर्यंतच असतं, हेही ध्यानात ठेवा. त्याच संध्याकाळी कुणी नवीन पॅकेज घातलं असतं तर लॉक असूनही घाण आत आली असती. उपाय आहे धीर धरण्याचा. पीएनपीएम या दुसऱ्या पॅकेज मॅनेजरने त्याच सप्टेंबरमध्ये १०.१६ मध्ये एक सेटिंग आणलं, त्यात पॅकेज प्रसिद्ध होऊन किमान किती मिनिटं झालेली हवीत हे ठरवता येतं. दिवसभराची अट घातली असती तरी हा घाला टळला असता. अपडेटसाठी वेगळा पुल रिक्वेस्ट काढा, त्यात फीचरचं काम मिसळू नका, आणि लॉक फाइलमधला बदल कुणीतरी डोळ्यांनी वाचू द्या. ऑडिट फिक्सला फोर्स लावायचा मोह टाळा. तो मेजर व्हर्जनच्या उड्या मारतो आणि दहा इशारे घालवताना तीन स्क्रीन मोडून ठेवतो.

इन्स्टॉल स्क्रिप्ट्सबद्दल तर मी हट्टीच आहे. त्या संध्याकाळनंतर आठवडाभरातच शाई-हुलूद नावाचा किडा आला. तो पॅकेज इन्स्टॉल होतानाच चालायचा, मशीनवरची टोकन्स शोधायचा, गिटहबवर उघडी टाकायचा आणि त्याच टोकन्सनी त्या माणसाची बाकीची पॅकेजेसही बाधित करायचा. पाचशेहून जास्त पॅकेजेस सापडली, आणि नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा आला. एनपीएममध्ये इग्नोर-स्क्रिप्ट्स लावून ठेवता येतं. पीएनपीएम १० तर पॅकेजेसच्या अशा स्क्रिप्ट्स मुळातच रोखतं, ज्यांना गरज आहे त्यांची नावं आपण द्यायची. नेटिव्ह कोड बांधणाऱ्या एखाद्या पॅकेजचा सुरुवातीला त्रास होईल. तो सोसा.

आणि दर वेळी विचारा, हे पॅकेज हवंच आहे का? मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं आणि जगभरच्या बिल्ड्स कोलमडल्या. ते काम आता भाषेतलं पॅडस्टार्ट करतं. हल्ली एआयने सुचवलेली नावं मुलं तशीच इन्स्टॉल करतात. काही नावं अस्तित्वातच नसतात, आणि मोकळी नावं हेरून बसणारे लोक आहेत. आधी रजिस्ट्रीचं पान उघडा, पॅकेज कधीचं आहे, कोड कुठे आहे, बघा.

एवढं करूनही बाधा झालीच, तर पहिलं काम नोड मॉड्यूल्स पुसण्याचं नाही. दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून एनपीएम, गिटहब आणि क्लाउडची टोकन्स रद्द करा. मग बाधित वेळेतल्या बिल्ड्स कुठे कुठे गेल्या ते शोधा, त्या मागे घ्या, एनपीएमची कॅश साफ करा, शेवटच्या स्वच्छ लॉक फाइलवरून बिल्ड नव्याने करा. हे सगळं होईपर्यंत सुरक्षेच्या टीमला कळवायचं थांबू नका: सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशी घटना लक्षात आल्यापासून कंपनीकडे ती संस्थेला कळवायला सहाच तास असतात, आणि तेव्हा कुठल्या बिल्डमध्ये कुठलं व्हर्जन होतं हे विचारलं जातं. बिल्ड पडलेल्या त्या टीमकडे याचं उत्तर नव्हतं. बिल्ड सर्व्हरचे लॉग रात्रभर चाळून त्यांना ते काढावं लागलं.