इसब : भीती कशाची बाळगावी?

दिवाळी सरून ग्वाल्हेरच्या हवेत कोरडी थंडी शिरली, की माझ्या दवाखान्यातील बाकांवर लहान मुलांची संख्या वाढू लागते. गाल रखरखीत झालेले, कोपरांच्या घड्या ओरबाडलेल्या, आणि सोबतच्या आईच्या डोळ्यांत कित्येक रात्रींचे जागरण. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा याच विकारावर, अर्थात अ‍ॅटोपिक इसबावर, लिहावे असे ठरविले. त्याच्या उपचारात आम्हा डॉक्टरांच्या हातूनही चुका होतात, आणि त्यांतील एक माझी स्वतःची आहे.

व्यवसायाच्या आरंभीच्या वर्षांत लष्कर भागातील एक मराठी कुटुंब दीड वर्षाच्या मुलाला घेऊन आले होते. मी स्टिरॉइडचे सौम्य मलम लिहून दिले आणि ‘दिवसातून एकदा, पातळ थर’ एवढे सांगून पुढच्या रुग्णाकडे वळलो. महिन्याने मूल परत आले ते अधिक वाईट अवस्थेत. हातापायांवर पिवळसर खपल्या धरलेल्या. औषध लागू पडले नाही असे समजून मी अधिक तीव्र मलम लिहावयास घेतले, तोच आईने पिशवीतून जुनी नळी काढून टेबलावर ठेवली. १५ ग्रॅमच्या नळीचा चौथा हिस्साही संपला नव्हता.

आजी म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, हे स्टिरॉइडच ना? आणि इसब असा दाबला की तो आत जातो, मग दमा होतो. आमच्या धाकट्या दिरांचे तसेच झाले.”

आजींचे निरीक्षण खोटे नव्हते, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकला होता. इसब, दमा आणि सततची सर्दी-शिंका ही एकाच प्रवृत्तीची भावंडे आहेत. इसब वयाने थोरला, म्हणून आधी दिसतो एवढेच. तो बरा केल्याने दमा उद्भवत नाही. २००६ साली फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोष आणि हा विकार यांचा संबंध सिद्ध झाला, तेव्हापासून त्वचेच्या तटबंदीकडे आपण अधिक लक्ष देऊ लागलो. तटबंदी ढासळली की ओलावा बाहेर जातो आणि धूळ, जंतू व अन्नकण यांना आत वाट मिळते. म्हणजे उघडी, फुटलेली त्वचा तशीच ठेवण्यातच अ‍ॅलर्जी वाढण्याचा संभव अधिक.

निदानासाठी महागड्या तपासण्यांची गरज सहसा पडत नाही. खाज नसेल तर हा विकार नव्हे, हे प्रथम लक्षात ठेवावे. तान्ह्या बाळांत गाल आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजू, मोठ्या मुलांत कोपर व गुडघ्यांच्या घड्या, सर्वांगाचा कोरडेपणा, घरात दमा वा शिंकांचा इतिहास, दोन वर्षांच्या आतील आरंभ, एवढ्यांवरून बहुधा निर्णय होतो. लंगोटाखालची जागा बाळात बहुतेक वेळा मोकळी राहते. सावळ्या त्वचेवर लाली शोधत बसू नये. तेथे इसब राखाडी, जांभळट किंवा नुसता खरखरीत पुरळ असा दिसतो. घरातील इतरांनाही रात्री खाज सुटत असेल, बाळाच्या तळहाता-तळपायांवर फोड असतील, तर ती खरूज असण्याची शक्यता मोठी. तिचा उपचार वेगळा आणि साऱ्या घराने एकाच वेळी करावयाचा असतो.

आता मात्रेविषयी. ‘पातळ थर’ या शब्दांना काही अर्थ नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत, म्हणजे एका पेराएवढे, मलम नळीतून काढले तर ते सुमारे अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेस पुरते. दीड वर्षाच्या मुलाच्या एका हाताला दीड पेर, एका पायाला दोन. चारही अवयव पूर्ण व्यापलेले असतील तर एका वेळेस सात पेरे, म्हणजे साडेतीन ग्रॅम. १५ ग्रॅमची नळी चार दिवसांत संपावयास हवी होती, आणि त्या घरात ती महिनाभर पुरून उरली! दोष आजींचा नव्हे; मी त्यांना विचारले नव्हते आणि सांगितलेही नव्हते.

मी आजींच्याच तर्जनीवर पेर मोजून दाखविले. चेहऱ्याला हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का, हातापायांना आठवडाभर त्याहून थोडे प्रभावी मलम, आणि अंग नितळ झाल्यावर नेहमी उसळणाऱ्या जागी आठवड्यातून दोनच दिवस. दुसऱ्या आठवड्यात मूल रात्रभर झोपले. पाचव्या वर्षी त्याला थोडी धाप लागू लागली, हेही सांगितले पाहिजे. आजींनी मला त्याची आठवण करून दिलीच. वडिलांना शिंकांचा जुना त्रास असल्याचे मला तेव्हा कळले. ते मी पहिल्याच भेटीत विचारावयास हवे होते.

मलमाइतकेच महत्त्व तेलपाण्याला. हा चंबळचा परिसर मोहरीचा. येथे हिवाळ्यात बाळाला मोहरीचे तेल चोळणे घरोघरी चालते, आणि आपल्या मराठी घरांनीही ते उचलले आहे. निरोगी बाळ ते सोसत असेल, इसबाची त्वचा सोसत नाही. त्याऐवजी खोबरेल किंवा साधी पेट्रोलियम जेली वापरावी. डाळीचे पीठ व उटणे यांचे घासणे बंद करावे. कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत आंघोळ उरकून, अंग टिपून, ते ओलसर असतानाच स्निग्ध लेप लावावा, तोही सढळ हाताने. मूल सर्वांगाने कोरडे असेल तर आठवड्याला पाव किलो लेप लागतो. दुकानातील छोटी डबी पाहून हे प्रमाण कोणाला खरे वाटत नाही.

आहाराबाबत माझा अनुभव खिन्न करणारा आहे. रक्तातील आयजीईचा अहवाल हाती येतो, त्यात दहा पदार्थांपुढे खुणा असतात, आणि मग दूध बंद, गहू बंद, अंडे बंद. अहवालातील खूण म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे. पदार्थ खाल्ल्यावर थोड्याच वेळात गांधी, उलटी किंवा ओठांना सूज आली तरच त्या दिशेने शोध घ्यावा. एरवी इसब तेथेच राहतो आणि वजन तेवढे घटते.

प्रौढांत चित्र उलटे आहे. जे घर बाळाला पेरभर मलम लावावयास कचरते, त्याच घरातील कर्ता पुरुष औषधाच्या दुकानातून स्टिरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक यांचे मिश्र मलम आणून जांघेतील नायट्याला वर्षभर लावीत असतो. २०१८ साली केंद्र सरकारने अनेक स्टिरॉइड मलमे ‘अनुसूची एच’मध्ये घातली, तरी हा परिपाठ मोडलेला नाही. म्हणून प्रौढाचा पसरत जाणारा ‘इसब’ पाहताना खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधावी. स्पर्शजन्य इसबासाठी पॅच चाचणी करावी. चाळिशीनंतर प्रथमच उद्भवलेला आणि उपचारांना न जुमानणारा इसब असेल तर त्वचेचा तुकडा तपासावा. क्वचित त्याआड त्वचेचा लिम्फोमा दडलेला असतो.

तीव्र विकारात सायक्लोस्पोरिन, मेथोट्रेक्सेट, आणि अलीकडच्या वर्षांत ड्युपिलुमॅबची इंजेक्शने व जॅक-रोधक गोळ्या उपलब्ध झाल्या आहेत. जॅक-रोधकांपूर्वी क्षयरोगाची तपासणी आपल्या देशात तरी टाळू नये. तोंडावाटे स्टिरॉइडचे वारंवार ‘कोर्स’ देण्याचा मोह मात्र आवरावा. गोळी थांबताच विकार दुप्पट वेगाने उसळतो.

शेवटी एक प्रसंग असा, की ज्यात दिवसभराचाही विलंब महाग पडतो. इसबाच्या मुलाला ताप आला, त्वचा खाजण्याऐवजी दुखू लागली आणि एकसारख्या आकाराचे, खोचल्यासारखे बारीक व्रण उठले, तर तो नागिणीच्या जातीच्या हर्पीस विषाणूचा संसर्ग समजावा. असायक्लोव्हिर त्याच दिवशी सुरू करावे, आणि व्रण पापण्यांजवळ असतील तर नेत्रतज्ज्ञांनाही लगेच दाखवावे. अशा वेळी पालकांनी रविवार आहे म्हणून सोमवारची वाट पाहू नये. माझ्या घरची घंटा वाजवावी.