बियाण्याची पिशवी आणि परदेशी भांडवल

मृगाचा पाऊस झाला की बदनापूरच्या दुकानांत बियाण्यासाठी गर्दी होते. कपाशीची पिशवी हातात घेतली की तिच्यावर कंपनीचे नाव दिसते. आता आपल्याला ते नाव वाचता येते. पण त्या कंपनीचे मालक कोण? त्यांत आपल्या देशातले किती आणि परदेशातले किती? परदेशी माणसाने इथे किती पैसा घालावा, हे कोण ठरवते?

वर्गात हा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "काय हो, परदेशी कंपन्या आल्या म्हणजे आमच्या जमिनी जाणार का?" प्रश्न मोलाचा आहे. म्हणून या धड्यात आम्ही त्याचे उत्तर नीट उलगडून सांगणार आहोत.

वाटा म्हणजे काय?

चौघांनी मिळून मळणी यंत्र घेतले, तर ज्याचा पैसा जास्त त्याचा शब्द जास्त चालतो. कंपनीचेही तसेच असते. तिच्या भांडवलाचे सारखे भाग पाडतात. त्यांना शेअर म्हणतात. ज्याच्याकडे शंभरातले 51 भाग, त्याच्या मताने रोजचे ठराव होतात. पण कंपनीचे नियम बदलणे यासारख्या मोठ्या कामाला शंभरात 75 मते लागतात. म्हणजे ज्याच्याकडे 26 भाग आहेत, तो एकटा असे काम अडवू शकतो. बघा, नुसत्या आकड्यात केवढा अधिकार असतो! म्हणून परदेशी वाटा किती असावा, हे सरकार ठरवून देते.

कायदा कसा बदलत गेला?

1973 साली परकीय चलनाचा कडक कायदा झाला. बहुतेक धंद्यांत परदेशी वाटा शेकडा 40 च्या आत आणावा, असे त्यात ठरले. कोका-कोला कंपनीला ते मानवले नाही. 1977 साली ती देश सोडून गेली.

पुढे 1991 साल आले. बाहेरून तेल आणि इतर माल आणायला देशाजवळ परदेशी चलन उरले नव्हते. घरात अडचण आली की आपण दागिना गहाण ठेवतो. देशालाही तेव्हा सोने गहाण ठेवावे लागले. त्याच वर्षी जुलै महिन्यात सरकारने धोरण बदलले. ठरावीक 34 प्रकारच्या उद्योगांत परदेशी वाटा 51 पर्यंत सहज नेता येऊ लागला.

जून 2000 पासून जुना कायदा जाऊन नवा कायदा लागू झाला. जुन्या कायद्यात चूक झाली तर तुरुंगाची भीती होती. नव्यात मुख्यतः दंड आहे. मात्र सरकारने दार सताड उघडे टाकले नाही. 2020 साली असे ठरले, की ज्या देशांची सीमा आपल्या सीमेला लागून आहे, तिथून पैसा यायचा तर आधी सरकारची परवानगी घ्यावी.

आपल्या जालन्याची गोष्ट

बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली जालन्यात महिको ही बियाण्याची कंपनी काढली. 1998 साली अमेरिकेच्या मोन्सँटो कंपनीने तिच्यात शेकडा 26 वाटा घेतला. शिवाय दोघांनी मिळून निम्म्या-निम्म्या वाट्याची आणखी एक कंपनी काढली. 2002 साली सरकारने बीटी कपाशीला परवानगी दिली. बोंडअळीवरच्या फवारण्या सुरुवातीला कमी झाल्या. पुढे गुलाबी बोंडअळी या कपाशीला दाद देईना. 2017 साली तिने महाराष्ट्रात मोठे नुकसान केले.

किमतीचे काय झाले? 2005 च्या सुमारास एका पिशवीला 1600 रुपयांच्या आसपास पडत. त्यातला मोठा भाग या नव्या गुणाच्या मोबदल्याचा होता. आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी आयोगाकडे दाद मागितली. 2006 साली भाव 750 रुपयांच्या आसपास उतरला. 2009 साली महाराष्ट्राने कपाशी बियाण्याच्या किमतीसाठी स्वतःचा कायदा केला. 2016 पासून केंद्र सरकार हा भाव ठरवू लागले.

2018 साली जर्मनीच्या बायर कंपनीने मोन्सँटो विकत घेतली. तेव्हा आपल्या स्पर्धा आयोगाने अट घातली, की महिकोमधला तो 26 चा वाटा विकून टाका. बाजार एकाच्या हाती जाऊ नये, हा त्यामागचा हेतू.

यातून एक गोष्ट ध्यानात ठेवा. पैसा आत येऊ देणारा कायदा वेगळा आणि भाव आवरणारा कायदा वेगळा. पहिला आहे म्हणून दुसरा आपोआप येत नाही. तो मागावा लागतो.

मग जमिनीचे काय?

बियाणे तयार करण्याच्या धंद्यात परदेशी वाटा शेकडा 100 पर्यंत चालतो. पण कपाशी, तूर, ज्वारी अशी साधी शेती करायला परदेशी भांडवलाला मुभा नाही. परदेशी नागरिकाला आपल्याकडे शेतजमीन विकत घेता येत नाही. परदेशात राहणाऱ्या भारतीयालाही ती विकत घेता येत नाही. वारशाने मात्र मिळू शकते. कारखान्यासाठी जमीन घेण्याचे नियम निराळे आहेत. तेव्हा कोणी घाई करून सहीसाठी कागद पुढे केला, तर तो आधी सबंध वाचा. समजला नाही तर सही करू नका. बीजोत्पादनाचा करार करतानाही हेच करा. भाव किती, माल नापास झाला तर काय, हे कागदावर आहे का, ते पाहा.

बियाण्याचे पक्के बिल घ्या. पिशवी, तिचे लेबल आणि थोडे बियाणे जपून ठेवा. उगवण झाली नाही, तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. कंपनी देशी असो की परदेशी, ही तक्रार करण्याचा हक्क तुमचाच आहे.

प्रश्न

1. कंपनीत 26 भाग असणाऱ्याला काय करता येते?
2. 1991 साली सरकारने धोरण का बदलले?
3. कपाशीच्या बियाण्याचा भाव कसा उतरला?
4. घरातली बियाण्याची एक पिशवी आणा. तिच्यावरचे कंपनीचे नाव, किंमत आणि तारीख वहीत लिहा.