तलंगा आणल्यास ना, मग ऐक

अगं, सहा तलंगा आणि एक कोंबडा आणलास हे ऐकून फार बरं वाटलं. आणि गावरान आणल्यास, हे त्याहून बरं. गिरिराज, वनराजा वर्षाला किती तरी जास्त अंडी देतात, गावरान पन्नास-साठांवरच थांबते. पण ती खुडूक बसते, पिल्लं काढते, घार दिसली की त्यांना पंखाखाली घेते. त्या सुधारित जाती सहसा अंड्यांवर बसत नाहीत. दर खेपेला पिल्लं विकत आणायची नसतील तर दारात गावरान हवीच.

पहिले चार-पाच दिवस त्यांना खुराड्यातच ठेव, दाणापाणी तिथंच दे. जागा अंगवळणी पडली की मग सोड. अंधारायच्या आधी आपणहून परत येतील. दिवेलागणीला मोजायच्या आणि मगच कडी लावायची. हे काम पोरांवर टाकू नकोस. दिवसा मोकळी फिरणारी कोंबडी रात्री पक्की कोंडलेलीच हवी, कारण मुंगूस, मांजर बोटभर फटीतूनही डाव साधतात.

खाण्याची फार चिंता नको. सकाळी थोडी कणी, संध्याकाळी थोडी, बाकी त्या परड्यात आणि उकिरड्यावर उकरून किडेमुंग्या मिळवतात. अंड्याचं कवच पातळ यायला लागलं तर शिंपल्यांचा चुरा ठेव.

आता खरं सांगायचं ते मानमोडीचं. दवाखान्यात हिला राणीखेत म्हणतात. हिरवट हगवण, धापा, मग मान पिळवटते, आणि दोन-चार दिवसांत अख्खं खुराडं रिकामं होतं. एकदा लागण झाली की औषध नाही, लस तेवढी आहे. पिल्लू पाच-सात दिवसांचं असताना लासोटा, डोळ्यात एक थेंब. सहा ते आठ आठवड्यांचं झालं की आर-टू-बीचं इंजेक्शन, आणि त्याच्या आठवडाभर आधी जंताचं औषध. तुझ्या तलंगांना ही टोचलेली आहे का, ते ज्यांच्याकडून आणल्यास त्यांना आजच विचार. अडचण अशी, की एका कुपीत शंभर-शंभर मात्रा असतात आणि कालवलेली लस तास-दोन तासांत संपवावी लागते. सात कोंबड्यांसाठी कोण कुपी फोडणार? म्हणून वाडीतल्या बायकांना आधी गाठ. सगळ्यांनी एकच दिवस ठरवा, थर्मासात बर्फ घालून लस आणा, आणि गुरांच्या डॉक्टरांना एकाच अंगणात बोलवा. पहाटे कोंबड्या खुराड्यातच असतात, तेव्हा धरायलाही सोप्या. शेजारणीची कोंबडी बिनलशीची राहिली तर रोग वाडीत फिरतच राहतो, म्हणून हे एकटीनं करून भागत नाही.

पुढे एखादी खुडूक झाली, अंगावर पिसं फुलवून घरट्यातून हलेना, की तिला रवणीला बसव. दहा-बारा अंडी पुरे. आठवड्याच्या आतली हवीत, फ्रिजमधली नकोत. टोपलीत पेंढा घाल, अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात ठेव. सातव्या-आठव्या दिवशी रात्री एकेक अंडं मोबाइलच्या बॅटरीवर धरून बघ. कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या तर जीव धरलाय. नितळ दिसलं तर काढून टाक, नाहीतर सडून फुटेल आणि बाकीचीही नासवेल. ती रोज थोडा वेळ उठते, खाते, पाणी पिते, परत बसते. उठली म्हणून घाबरू नकोस. एकविसाव्या दिवशी आतून टोच पडते. पिल्लू तासन्‌तास अडकलेलं दिसतं, जीव तुटतो, पण टरफल सोलायला जाऊ नकोस. आतल्या पडद्यात रक्त असतं, पिल्लू दगावतं. आणि रवण भर पावसात नको. भिजलेलं पिल्लू गारठून मरतं.

अंड्यांचे पैसे मात्र वेगळ्या डब्यात ठेव. कणी, लस, जाळी सगळं त्यातूनच होऊ दे, म्हणजे कुणापुढे हात पसरावा लागणार नाही. सासूबाईंनाही आधीच सांगून ठेव की पहिली पिल्लं मोठी होईस्तोवर पाहुण्यांसाठी एकही कोंबडी कापायची नाही.